पुरलेल्या ऐवजाला मालक असतो

प्रति,
मराठी वाहिन्यांवरच्या गुन्हेगारी मालिकांचे लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते. तीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. घरी मी आणि माझी आई. आईनं ऐंशी कधीच ओलांडली. रात्री भाकरी खाऊन झाली की आम्ही दोघी टीव्हीपुढे बसतो. सासू-सुनांच्या मालिका आईला चालत नाहीत. तिला पोलीस लागतात, तपास लागतो, आणि मध्येच "कोण असंल गं त्यो?" असं मला विचारावं लागतं. तुमचं काम आवडीनं बघणाऱ्या घरातून हे पत्र येतं आहे, एवढं आधी ध्यानात घ्या.

गेल्या हिवाळ्यात तुमच्यापैकी एकांनी एक कथा बरेच आठवडे चालवली. नाव घेत नाही, कारण तीच कथा थोड्याफार फरकानं मी तीन-चार ठिकाणी बघितली आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका वाड्यावर दरोडा पडतो. टोळीत फूट पडते, एकाचा खून होतो, एक हिंडलग्याच्या तुरुंगात जातो. ऐवज "सीमेवरच्या जंगलात" पुरलेला असतो. म्हातारा दरोडेखोर मरताना नातवाला खूण सांगतो: चंद्र-सूर्य कोरलेला दगड, त्याच्या पायाशी खण. मग नातू, निलंबित झालेला इन्स्पेक्टर आणि टोळीतला उरलेला एक, अशी तिघांची धावपळ. कामं चांगली झाली होती. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटानं तर आईला रडवलं. शेवटच्या भागात पेटी निघाली, झाकण उघडलं, आतला पिवळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला.

आईनं विचारलं, "ज्येंचं होतं त्येंना देत्यात न्हवं आता?"

कुणी दिलं नाही. भाग संपला, नावं वर सरकायला लागली. वाड्यातल्या त्या माणसांचं पुढं काय झालं, त्यांच्या घरात कुणी उरलं का, हे सगळ्या भागांत मिळून एकदाही आलं नव्हतं. पहिल्या भागात एक बाई किंचाळली होती, तेवढीच ती घरातली. आई उठून आत गेली आणि त्या रात्री तिनं औषधाची गोळीही घेतली नाही. तिला काय लागलं ते मला ठाऊक होतं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझ्या आजीच्या घरावर दरोडा पडला, तेव्हा मी तिसरीत होते. आजीचं घर, म्हणजे आईचं माहेर, जांबोटीच्या अंगाला, वस्तीपासून जरा बाजूला. आमच्या पश्चिम खानापुरातला पाऊस कणकुंबीकडे आषाढात चार दिवस राहिल्याशिवाय कळायचा नाही. कौलांवर असा आवाज असतो की शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी पोचत नाही. दरोडेखोरांनी तशीच रात्र धरली. सहाजण होते. (पाच किंवा जास्त माणसं असली तरच कायद्यात तो दरोडा, कमी असली तर ती जबरी चोरी. तुमचा इन्स्पेक्टर तिघांच्या चोरीलाही दरोडा म्हणतो. एवढं तरी बघून घेत चला.) आजोबांना बैलाच्या दाव्यानं खांबाला बांधलं. आजीनं पाटल्या, गोठ, बोरमाळ आपल्या हातानं काढून दिली. कानातली बुगडी तेवढ्यात निघत नाही. तिला फिरकी असते, ती सावकाश सोडवावी लागते, आणि हात ओले असले, थरथरत असले, तर बोटातून निसटत राहते. त्यातल्या एकाला तेवढा धीर नव्हता. त्यानं ओढली.

आजीच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला त्या रात्रीपासून फट होती. आम्ही नातवंडं तिच्या कुशीत झोपायचो तेव्हा अंधारात माझं बोट त्या फटीत जायचं. कडा भरून गुळगुळीत झालेल्या, मध्ये करंगळीचं टोक बसेल एवढी जागा. आजी रागवायची नाही, नुसता पदर वर ओढून घ्यायची. लग्नकार्यात, देवळात, अगदी उन्हाळ्यात चुलीपुढेसुद्धा ती डोक्यावरचा पदर का खाली घेत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं.

किती तोळे गेले हे तिनं कधी सांगितलं नाही. कुठला डाग, म्हणजे दागिना, कुणाचा, ते मात्र सांगायची. गोठ तिच्या सासूचे. बोरमाळ बापानं भाताचे दोन वर्षांचे पैसे साठवून शहापूरच्या पेठेत केलेली. पाटल्या तिच्या स्वतःच्या, पहिल्या मुलाच्या वेळच्या. तो मुलगा पुढं जगला नाही. सोनं गेल्याचं दुःख तिला होतंच, पण त्या मुलाची म्हणून घरात दुसरी वस्तूच नव्हती.

दोनेक वर्षांनी टोळी सापडली. आणि हो, माल पुरलेलाच होता. टोळीतल्या एकाच्या घरामागच्या परड्यात, उकिरड्याखाली. पेटीबिटी काही नव्हती. पत्र्याचा गंजलेला डबा, त्यात चिंधी, आणि चिंधीत एक बुगडी, बोरमाळेचे थोडे मणी, आणि एक लगड. बाकीचं सगळं मुशीत जाऊन त्या लगडीत आलं होतं. ओळख पटवायला आजीला बोलावलं. पंचांसमोर तबकात पाच-सहा बुगड्या मिसळून ठेवल्या होत्या, सगळ्या सारख्याच मोत्यांच्या. आजीनं तबकाला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच बोट केलं. तिच्या बुगडीतला एक मोती पडला होता, खानापूरच्या सोनारानं तो नंतर बसवून दिलेला, आणि तो बाकीच्यांपेक्षा जरा पिवळट होता. पंचनामा लिहिणाऱ्यानं मोती मोजून घेतले म्हणे.

मग ती बुगडी मुद्देमाल झाली. लाखेचं सील, चिठ्ठी, कपाट. खटला चालला, अपील झालं, तारखा पडल्या. बुगडी आजीच्या हातात आली तेव्हा मी दहावीची परीक्षा दिली होती. तोवर कान कायमचा तसाच राहिला होता, ती घालायला जागाच उरली नव्हती. लगड तीन घरांत वाटून मिळाली, कारण दरोडे तीन घरांवर पडले होते. आजी तिचा तुकडा तळहातावर घेऊन म्हणाली, "ह्ये माझं न्हवं. सगळ्यांचं कालवून केल्यालं हाय. ह्येच्यात कुणाच्या गळ्यातलं काय आलंय कुणाला ठावं?" तिनं त्याचं काही करून घेतलं नाही. तांदळाच्या कणगीत ठेवलं होतं. पुढं तिच्याच दवाखान्याला ते गेलं.

तुम्हा लेखकांना एक विचारते. पिवळा उजेड तोंडावर पडण्यापेक्षा हा प्रसंग कमी आहे का? पाच बुगड्यांतून आपली बुगडी लांबून ओळखणारी बाई, आणि स्वतःच्याच सोन्याला "हे माझं नाही" म्हणणारी बाई? तुमच्याकडे इतके चांगले नट आहेत, इतके दिवस हाताशी आहेत, आणि मुद्देमालाच्या खोलीत कॅमेरा एकदाही जात नाही.

कायद्याचं एक सांगते. शेजारच्या एका वकिलांकडून मी हे नीट समजून घेतलं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४१० व्या कलमात होतं आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात आहे, की चोरीचा माल हक्काच्या माणसाच्या ताब्यात परत गेला की मग तो चोरीचा माल राहत नाही. नुसती वर्षं लोटली म्हणून तो निर्मळ होत नाही. चाळीस वर्षं मातीत राहिला, दरोडेखोर मेला, त्याच्या नातवाला माहीतच नव्हतं, यातल्या कशानंही तो "सापडलेला खजिना" होत नाही. तो जाणूनबुजून ठेवून घेणं हा गुन्हा आहे. तुमच्या मालिकेत मात्र नातवाच्या हाती पेटी लागली की मागं सनई वाजते.

मुद्देमाल वर्षानुवर्षं कोर्टात कुजू देऊ नये, फोटो काढून, पंचनामा करून, हमीपत्र घेऊन तो मालकाला लवकर द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली गुजरातमधल्या एका प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणारी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४९७ व्या कलमात कोर्टापुढे आलेल्या मालाची यादी चौदा दिवसांत करायची, फोटो काढायचे आणि पुढच्या तीस दिवसांत त्याचं काय करायचं त्याचा हुकूम द्यायचा, असं आलं आहे. आजीच्या वेळी हे असतं तर, असं आई अजून म्हणते. किती घरांना हे ठाऊक असेल? तुमच्या एका भागात एका वकिलाच्या तोंडी दोन वाक्यं आली असती, तर ज्यांचे दागिने आज कुठल्यातरी कपाटात सीलबंद पडून आहेत, त्या घरांना ती उपयोगी पडली असती. आम्हा शिक्षकांचं ऐकणारी माणसं वर्गात बसतात तेवढीच. तुमचं ऐकणारी घराघरांत आहेत.

ही सगळी जुनी गोष्ट, आता असं कुठं होतं, असं कुणी म्हणेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्याच राज्यात, दावणगेरे जिल्ह्यातल्या न्यामती इथे एका बँकेतून सतरा किलोंहून जास्त सोनं गेलं. पुढच्या मार्चमध्ये पोलिसांनी आरोपी पकडल्याचं जाहीर केलं. त्यातलं बरंचसं सोनं तामिळनाडूत मदुराई जिल्ह्यातल्या एका विहिरीतून काढलं. आणि पोलिसांनी सांगितलं की मुख्य आरोपीनं दरोड्यावरची एक गाजलेली परदेशी मालिका बघून हे डोक्यात घेतलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये विजयपूर जिल्ह्यातल्या चडचणला बँकेवर दरोडा पडला. गाडी सीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडच्या हुलजंतीत गेली, आणि थोडा माल तिथल्या एका पडक्या घराच्या छपरावर टाकलेल्या बॅगेत मिळाला. मालिका बघून माणूस चोर होतो असं मी म्हणणार नाही; चोर व्हायला आणखी पुष्कळ कारणं लागतात. पण विहीर, पडकं घर, परडं, उकिरडा, हे सगळं आमच्या आजूबाजूचं आहे.

बँकेत ठेवलेलं सोनं कुणाचं असतं ते निपाणी-चिकोडी भागातल्या कुठल्याही घरात विचारा. उसाचं बिल यायला वेळ आहे, तंबाखूचा दर उतरला, पोरीची फी भरायची आहे, की घरातली बाई बोरमाळ फडक्यात गुंडाळून बँकेत नेते. बँकेचा सराफ वजन करतो, पुडीवर नाव-नंबर पडतो, सोनं आत जातं. बाई बाहेर येऊन गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी सारखी करते. दरोडा पडतो तेव्हा तुम्ही "बँक लुटली" म्हणता. त्या तिजोरीत नावं लिहिलेल्या शेकडो पुड्या असतात.

दुसरी गोष्ट बोलायला मला जड जातं आहे, पण बोलते. तुमच्या मालिकेत "सीमाभाग" म्हणजे चोरांनी लपायची जागा. महाराष्ट्राचा पोलीस हद्दीवर येऊन हात चोळत थांबतो, पलीकडं अंधार. आणि त्या अंधारात जो मारेकरी भेटतो तो कन्नड हेल काढून मराठी बोलतो. हे बघताना माझ्या शेजारच्या कन्नड अक्का आमच्याच बाकड्यावर बसल्या होत्या. त्या रोज येतात, त्यांनाही तपासच आवडतो. त्या काही बोलल्या नाहीत. मला मान वर करवली नाही.

आम्ही इथली मराठी माणसं १९५६ पासून आपल्या भाषेसाठी झगडतो आहोत. शाळा टिकवायला, पाट्यांसाठी, सातबारा आपल्या भाषेत मिळावा म्हणून. तो झगडा मी स्वतः केला आहे, त्यात मागं सरणार नाही. म्हणूनच सांगते. दरोड्याच्या दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत आजीच्या घरी पहिला आला तो हवालदार कन्नड होता. फिर्याद त्यानं कन्नडमध्ये लिहिली, त्याला तसंच लिहावं लागत होतं. मग उंबऱ्यावर बसून एकेक ओळ आपल्या मोडक्या मराठीत आजीला वाचून दाखवली आणि दर ओळीला विचारलं, "अज्जी, बरोबर आहे काय?" आजीच्या कानातून तेव्हाही रक्त येत होतं. त्यानं आधी स्वतःचा रुमाल दिला आणि मग कागद काढला. आई तो रुमाल अजून सांगते. आमचा झगडा सरकारी कागदाशी आहे. तो तुम्ही मारेकऱ्याच्या जिभेवर नेऊन ठेवू नका.

आता तो चंद्र-सूर्याचा दगड.

असे दगड आमच्याकडे गावोगाव आहेत. त्यांना वीरगळ म्हणतात. हलशी आमच्याच तालुक्यात, तिथं कदंबांची राजधानी होती. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिरापासून थेट छोट्या वाड्यांपर्यंत जुनं कोरीव काम विखुरलेलं आहे. वीरगळ बहुधा खालून वर वाचतात. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, त्यावर मेलेल्या वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो याचं नाव राहो. कितीतरी वीरगळांच्या खालच्या चौकटीत गाईगुरं कोरलेली दिसतात. गावातली जनावरं लुटून न्यायला आलेल्यांशी लढताना तो माणूस मेला, असा त्याचा अर्थ. कन्नडमध्ये अशा लुटीला तुरुगोळ असा जुना शब्द आहे.

तुम्ही त्या दगडाला लुटीच्या मालाची खूण केलंत. तो दगड लूट अडवताना मेलेल्या माणसाचा आहे.

तुमची मालिका संपल्यावर महिन्याभरात आमच्या शेजारच्या गावात असा एक वीरगळ उपटलेला सापडला. शाळेच्या वाटेवर होता, मुलांनी मला बोलावून नेलं. दगड तोंडावर पडलेला. खाली कमरेएवढा खड्डा, त्यात कापलेली लिंबं, कुंकू, फुटका नारळ. एक मुलगा म्हणाला, "बाई, चंद्र-सूर्य होता न्हवं वर, म्हणून. टीव्हीत तसंच होतं." मालिकेमुळेच खणलं असा माझा आरोप नाही. गुप्तधनाच्या नादानं खणणारे माझ्या लहानपणीही होते, आणि त्या नादात काही ठिकाणी माणसांचे बळी गेले आहेत. गुप्तधनासाठीच्या अघोरी पूजांवर कर्नाटकानं २०१७ च्या कायद्यात बंदी आणली ती उगाच नाही. पण मुलाच्या तोंडी ते कुठून आलं ते मी कानांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या आठ-दहा जणांनी पहारी लावून दगड उभा केला, खड्डा बुजवला. खालच्या चौकटीतल्या एका गाईचं शिंग तेवढं निखळलं. ते तुकड्यांत शोधून बघितलं, मिळालं नाही.

तुम्ही जुन्या दरोड्याची, पुरलेल्या ऐवजाची कथा लिहूच नका, असं मी म्हणत नाही. लिहा. आई वाट बघते. पण वाड्यातल्या बाईला पहिल्या भागातल्या किंकाळीनंतरही जिवंत ठेवा. तिला एक नाव द्या, मुलगी द्या, ओळखीचा एखादा डाग द्या. पेटी निघाली की ती कुणाची हे कुणीतरी विचारू दे, आणि तपास तिथून पुढं चालू दे. खरा अवघड तपास तोच आहे. चाळीस वर्षांनी त्या घरातलं कोण कुठं गेलं, लगडीतला वाटा कुणाला द्यायचा, एका मोत्यावरून कसं ठरवायचं, यात तुम्हाला दोन महिन्यांचे भाग मिळतील. वीरगळ दाखवायचा असेल तर त्याच्यासमोर उभं राहून एखाद्या पात्राला तो खालून वर वाचू दे. आणि आमच्या कन्नड शेजाऱ्याला एखाद्या कथेत उंबऱ्यावर बसून फिर्याद वाचून दाखवू दे.

तुमच्या मालिका हल्ली कोल्हापूर भागात पुष्कळ होतात. तिथून निपाणीवरून बेळगाव काही लांब नाही, आणि पुढं खानापूर तासाभरावर आहे. दसऱ्यानंतर या, तोवर वाटा सुकलेल्या असतात. वीरगळ मी दाखवीन. आजीचं घर आता पडलं आहे, पण ज्या खांबाला आजोबांना बांधलं होतं तो अजून उभा आहे. बुगडी आईकडे आहे, एकच. पिवळट मोती अजून तसाच आहे. तुम्हाला ती कथेत दाखवायची असेल तर द्यायला आई तयार आहे, मी विचारून घेतलं आहे. तिनं एकच सांगितलं: मातीतून काढताना दाखवू नका म्हणावं, माझ्या हातात असताना दाखवा.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका